एक बाही कमी

१

पेराफोर गावच्या कातिसूला आसपासच्या सात-आठ खेड्यांत नुसतं 'चालणारी' म्हणत. आडनावाची गरज कधी कुणाला पडली नाही. वय साठीच्या पुढे, अंगकाठी वाळलेल्या डहाळीसारखी, पायांत लाकडी बूट, आणि चाल अशी ठसक्याची, की समोरून येणारं गाढवसुद्धा बाजूला होई.

फ्रान्सातल्या लिमुझँच्या त्या रानात संतांची डझनभर चॅपेलं आहेत, छोटी दगडी देवळं. कुठलं ओकांच्या दाटीत, कुठलं झऱ्याकाठी, कुठलं नुसतं खडकाला टेकून उभं. एकेकाळी प्रत्येकाच्या पाठीशी एक मठी असे आणि मठीत एक एकांतवासी बाबा. बाबा गेले, संत राहिले. तापाचा संत वेगळा, खोकल्याचा वेगळा, पोरांच्या रडण्याचा आणखी तिसराच. आता आजारी माणूस काही तीन तास रान तुडवत जाऊ शकत नाही. म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी चालायचं. ते काम कातिसूचं.

नियम थोडे, पण पक्के. उजाडायच्या आत उपाशीपोटी निघायचं. जाताना कुणाशी बोलायचं नाही. कुणी हाक मारलीच तर डावा हात खांद्याएवढा वर करायचा, की समोरचा काय ते समजतो आणि टोपी काढून गप्प उभा राहतो. आजाऱ्याच्या अंगाला लागलेलं एक कापड बरोबर न्यायचं. चॅपेलच्या दारात आपलं नाव घ्यायचं नाही, आजाऱ्याचं घ्यायचं, 'अमका आलाय' म्हणून. त्या दिवशी पाय तेवढे आपले, आलेला माणूस तो. मग चॅपेलभोवती तीन फेऱ्या घालायच्या, कापड झऱ्यात बुडवायचं, तिथल्या काटेरी झाडावर टांगायचं आणि परतायचं. टांगलेलं कापड पुन्हा कुणी हातात धरत नाही. ते तिथंच कुजतं, आणि त्याच्याबरोबर दुखणंही.

आणखी एक नियम होता. स्वतःच्या रक्तासाठी चालायचं नाही. आपल्या घरचं माणूस पडलं, तर दुसऱ्या चालणारीला तोंडानं विनवायचं.

चाळीस वर्षांत हा नियम कातिसूला आडवा आला नव्हता. तिच्या घरी कुणी आजारीच पडत नसे, आणि त्याचंही श्रेय ती बिनदिक्कत स्वतःकडे घ्यायची.

मग त्या नोव्हेंबरात नात पडली. मियेत. दोन वर्षांची, गालावर खळी, शेपूट धरून कोंबडीला घरभर ओढणारी. पाच दिवस ताप हटेना. डॉक्टर घोडागाडीतून येऊन गेले, छातीला कान लावला, कडू औषध दिलं आणि सोमवारी पुन्हा येतो म्हणाले. सोमवारला अजून चार दिवस होते. बाप, म्हणजे कातिसूचा मुलगा, गावच्या सगळ्या गवंड्यांबरोबर मार्चमध्येच पॅरिसला बांधकामावर गेलेला. नाताळाशिवाय तो काही येत नव्हता.

सून सोलांज पाळण्याशी बसून होती. कातिसूनं चुलीतून हेझलच्या काडीचे पाच निखारे उचलले, एकेका संताचं नाव घेत पाण्याच्या वाडग्यात सोडले. चार तरंगत राहिले. तिसरा चर्र करून तळाला गेला.

"बेरतूबाबा," कातिसू म्हणाली. "मला वाटलंच. उद्या जाऊन येते. दुपारी पोरगी उठून बसेल, बघ."

"पण आई, तुमचंच रक्त ना ते," सोलांज हळूच म्हणाली. "ओढ्यापलीकडच्या मार्गोतला सांगा ना."

"त्या मार्गोतला? तिला उतार असला तरी दम लागतो."

"आई."

कातिसूनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला. तिनं तो लगेच काढला नाही. मग उठली. शाल घेतली आणि ओढ्याकडे निघाली.

२

मार्गोत दारात बसून चेस्टनट सोलत होती. जाडजूड बाई, तोंडात दोन दात, पण दोन्ही धारदार.

"अगं बाई, कातिसू! वाट चुकलीस का? चालणारीनं वाट चुकावी म्हणजे कमाल झाली."

"आले सहज."

"सहज तू चर्चमध्येसुद्धा जात नाहीस. बस. हात रिकामा ठेवू नकोस, सोल." तिनं सुरी पुढे केली. थोडा वेळ दोघी सोलत राहिल्या. मग मार्गोत मान खालीच ठेवून म्हणाली, "पोरगी ना? सोलांज परवा दूध घ्यायला आली तेव्हा डोळे सुजलेले होते तिचे."

"ताप आहे थोडा."

"संत कुठला निघाला?"

"बेरतू."

"लांबचा निघाला. हरकत नाही, जाईन मी. उद्याच जाईन." मार्गोतनं आता वर पाहिलं, आणि ते दोन दात दिसले. "पण मागावं लागतं हं तोंडानं. रीत आहे. 'मार्गोत, माझ्यासाठी चाल.' तीन शब्द. बोल."

कातिसू सोलत राहिली.

"भर जत्रेत म्हणाली होतीस तू. मार्गोत वाटेत गुत्त्यावर थांबते, म्हणून तिचे संत बहिरे. चारचौघांत. लोक अजून हसतात."

"थांबायचीसच की."

"पाऊस होता त्या दिवशी!"

"तिन्ही वेळा?"

मार्गोत खो-खो हसली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं कातिसूला वाटलं. "बोल की गं," मार्गोत म्हणाली, "मी काही खात नाही तुला. तीन शब्द बोल आणि घरी जाऊन पोरीजवळ बस."

कातिसूनं तोंड उघडलं. ते शब्द जिभेच्या टोकाशी आलेही होते. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"मी भोपळा मागायला आले होते."

मार्गोतनं मांडीवरची सालं झटकली. मग उठली, आत गेली आणि दोन हातांत न मावणारा भोपळा घेऊन आली. "घे. मोठाच घे," ती म्हणाली, आणि या वेळी ती हसत नव्हती.

तो भोपळा उराशी धरून कातिसू ओढा ओलांडून घरी आली. "मार्गोतचे पाय सुजलेत," तिनं सुनेला सांगितलं. "मलाच जायला हवं. आणि घाबरतेस कशाला? इतक्या वर्षांत बेरतूबाबा मला ओळखत नसतील होय?"

३

मियेतचं टोपडं पांढरं होतं, कडेला निळा दोरा. कातिसूनंच शिवलं होतं ते. तिच्या लग्नातला जवसाच्या धाग्याचा सदरा होता, घरीच विणलेला, इतका टिकाऊ की झिजायचं नाव घेईना. त्याची डावी बाही कापून तिनं नातीचं टोपडं केलं. नवं कापड कशाला आणायचं?

ते टोपडं छातीशी खोचून ती अंधारातच निघाली. उजाडलं तेव्हा ती रानात शिरली होती. धुकं एवढं, की पुढचं झाड आधी ऐकू यायचं, मग दिसायचं. थेंब गळत होते. पानांचा चिखल बुटांना धरत होता. वाटेत एक लाकूडतोड्या भेटला, त्यानं हाक मारली. तिनं डावा हात वर केला. त्यानं टोपी काढली. सगळं नेहमीसारखं.

बेरतूबाबांचं चॅपेल म्हणजे मोठी काही इमारत नव्हे. चार दगडी भिंती, वर पाटीच्या दगडांचं छप्पर, एक घंटा. मागच्या भिंतीला चिकटून मठी, एका खोलीची. शेवटचे बाबा गेले तेव्हा कातिसू दोन वेण्या घालत होती. गावच्या सुतारानं मठीचं दार खिळे ठोकून बंद केलं, ते तसंच. चॅपेल आणि मठी यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक खाच. हात जाईल एवढी. बाबा आतूनच तिच्यातून पूजा ऐकत, आणि लोक तिच्यातूनच त्यांना भाकरी देत.

ती दारात उभी राहिली. "मियेत आलीय," ती मोठ्यानं म्हणाली.

तीन फेऱ्या घातल्या. झऱ्यावर गेली. टोपडं बुडवून पिळलं आणि झाडाकडे वळली. तेव्हा तिला दिसलं, की झाड मोकळं आहे.

त्या झाडावर एवढी कापडं असायची की काटे दिसत नसत. रंग उडालेली, शेवाळलेली, वाऱ्यानं दोऱ्या झालेली. निम्मी तिच्याच हातची. आता एकही नव्हतं. जमिनीवर पडलेलंही नव्हतं. काट्यांवर पाण्याचे थेंब तेवढे ओळीनं बसले होते.

चिंध्या गोळा करणारा आला असेल, तिनं मनाशी म्हटलं. कागदाच्या कारखान्याला विकतात ते. पण चिंधीवालाही याच रानातला. आजाऱ्याचं कापड तो काठीनंसुद्धा ढोसणार नाही. मग परगावचा असेल. नवीन असेल, अडाणी असेल. एवढं ठरवल्यावर तिला बरं वाटलं, आणि तिनं त्या उघड्या झाडावर मधोमध टोपडं टांगलं.

घंटेचे तीन टोले द्यायला ती आत गेली. तिसरा टोल विरला. मग तिला आवाज आला.

टच्. मग सर्रर्र. थोडं थांबून पुन्हा टच्, सर्रर्र.

भिंतीपलीकडून येत होता. बारीक, सावकाश, न चुकता. लाकडातला किडा असेल, ती म्हणाली. फांदी घासत असेल छपरावर. पण बाईमाणसाला तो आवाज काय सांगावा लागतो? जाड कापडातून सुई आरपार जाते तेव्हा टच् होतं, आणि मागून लांब दोरा ओढला की सर्रर्र.

तिनं वाकून खाचेत पाहिलं नाही. पाहायचं काही कारणच नव्हतं. दार खिळे ठोकून बंद, खिळे गंजलेले, ती स्वतः बाहेर जाऊन बघून आली. किडाच, ती म्हणाली, आणि परत निघाली. फक्त त्या दिवशी परतीची वाट तिनं नेहमीपेक्षा लवकर संपवली.

४

"आई, उतरला!" सोलांज दारातच भेटली. हसत होती, रडतही होती. "अकरा वाजता एकदम उतरला. दूध प्यायली!"

"मग? मी काय सांगत होते?" कातिसूनं बूट काढले, चुलीशी बसली, आणि काळ्या पिठाची तीन धिरडी सायीबरोबर खाल्ली. मार्गोतला निरोप धाडावा का, असंही तिच्या मनात आलं. भोपळ्याचं सूप करून थोडं पाठवावं, वर दोन शब्द सांगावेत. निरोप काय धाडायचा हे ठरवत ती खुशीत बसली.

मियेत पाळण्यात उठून बसली होती. चमचा मागत होती, उजव्या हातानं. कोंबडी आली तर उजवाच हात पुढे केला. डावा मांडीवर पडून होता.

"डावा दे बघू आजीला," कातिसू म्हणाली आणि तिनं तो हातात घेतला.

ओढ्यातला दगड काढून हातात घ्यावा, तसा तो थंड होता. खांद्यापासून बोटांपर्यंत. रंग राखेसारखा. तिनं चोळला, फुंकर घातली, काखेत धरला. चिमटासुद्धा काढला. पोरगी हसतच राहिली. तिला कळलंच नव्हतं.

"त्या कुशीवर झोपली होती," सोलांज म्हणाली. "मुंग्या आल्या असतील."

"असतील," कातिसू म्हणाली.

संध्याकाळी खांद्याशी पाहिलं तेव्हा त्या राखेची कड बोटभर पुढे, गळ्याकडे सरकली होती. आणि कड कशी? वेडीवाकडी नाही. टाके घालत गेल्यासारखी सरळ.

त्या रात्री कातिसूनं सगळ्यांना झोपायला लावलं, पण स्वतः पेटी उघडून बसली. लग्नातला सदरा बाहेर काढला. एकच बाही राहिलेला. तो मांडीवर पसरून, डावीकडच्या त्या मोकळ्या भोकावर हात ठेवून ती बसून राहिली. स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं तिनं. किडा, फांदी, चिंधीवाला, मुंग्या. एकेकटं धरलं तर प्रत्येक पटत होतं. पण चारही एकाच दिवशी?

पहाटे तिनं सदऱ्याची घडी केली आणि शालीखाली घेतली.

"कुठं निघालात?" सोलांज म्हणाली. "ताप तर गेला ना?"

"काल घाईघाईत एक चूक झाली. ती दुरुस्त करून येते." आणि दाराशी थांबून म्हणाली, "मार्गोतचे पाय सुजलेले नव्हते. भोपळा शिजव."

५

टोपडं झाडावर नव्हतं.

धुकं कालच्याइतकंच होतं. दारात ती थांबली. नाव कुणाचं घ्यायचं ते कळेना, म्हणून न घेताच आत गेली. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं. बेंच कालच्यासारखे, संतांच्या मूर्तीचं नाक कालच्यासारखंच तुटलेलं.

टच्. सर्रर्र.

"बरं," कातिसू म्हणाली. तिनं बूट काढले, आवाज नको म्हणून, आणि थंड फरशीवर गुडघे टेकून खाचेला डोळा लावला.

मठीत उजेड थोडा होता, कुठल्याशा फटीतून आलेला. त्या उजेडात कुणीतरी बसलं होतं. तिच्याकडे पाठ करून. पाठच दिसत होती आणि त्या पाठीवरचा सदरा.

सदरा तुकड्यांचा होता. शेकड्यांनी तुकडे, एकाला एक जोडलेले, बारीक सुबक टाक्यांनी. असं शिवणं तिला जन्मात जमलं नसतं. आणि तुकडे तिला ओळखू येत होते. लाल चौकडीचा, पार्दूच्या मुलाचा, डांग्या खोकल्यातला. निळा, सुताराच्या बायकोच्या एप्रनचा, ती बाळंतपणात जाता जाता वाचली. राखी, म्हाताऱ्या लेओबोंच्या गळपट्टीचा. पिवळा, त्या जुळ्या पोरींच्या अंगड्याचा. चाळीस वर्षांतलं काहीच कुजलं नव्हतं. सगळं धुऊन, सरळ करून, जागच्या जागी लागलं होतं. सदरा कुणाच्या तरी अंगावर घातलेला वाटत नव्हता. तो भरलेला होता. आणि तो श्वास घेत होता. चौकडी वर उचलली की तिच्यातून बारीक शीळ येई, पार्दूच्या पोराच्या छातीत वाजायची तीच. गळपट्टीपाशी खरखर होई. ती लेओबोंची.

उजवी बाही पूर्ण होती, आणि तिच्या टोकाशी धरलेली सुई चालत होती. डावीकडे बाहीच नव्हती. खांद्यापाशी नुकतंच पांढरं कापड लागायला सुरुवात झाली होती. पांढरं, कडेला निळा दोरा. त्यापुढे काही नव्हतं.

कातिसू खाचेपासून मागे सरली. भिंतीला पाठ टेकून बसली. पळावंसं वाटलं नाही असं नाही. पण पाय तिचेच होते आणि अजून तिचं ऐकत होते. इथून पळून घरी जायचं ते कुठं? त्या पाळण्यापाशीच ना?

मग तिनं तेच केलं जे ती जत्रेत करायची. विकणाऱ्याच्या मनात काय आहे ते आधी बघायचं आणि मग बोलायचं. तिनं शालीखालून आपला सदरा काढला. जुन्या काळची शिलाई, बाही म्हणजे नुसता चौकोनी तुकडा. तिला डावं-उजवं नसतं. तिनं खांद्याची शिवण दातांनी उसवली, उरलेली बाही ओढून वेगळी केली आणि घडी करून खाचेपाशी धरली.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला. "ते टोपडं पुरायचं नाही. मनगटसुद्धा होणार नाही त्याचं. ही अख्खी बाही घ्या. एकाच ठाणातली आहे. एकाच अंगावरची."

सुई थांबली.

"काल मी चुकीचं नाव सांगितलं," कातिसू म्हणाली. "मियेत आली नव्हती. कातिसू आलीय."

चाळीस वर्षांत तिचं नाव तिथं कुणी उच्चारलं नव्हतं. ते त्या दगडी खोलीत जरा जास्तच वेळ राहिलं.

तिनं बाही धरलेला डावा हात खाचेत घातला, खांद्यापर्यंत. पलीकडची हवा गरम होती. आजाऱ्याच्या अंथरुणात हात घालावा, तशी. कुणीतरी बाही घेतली. ओढून नाही, सावकाश, कापड पारखणारी बाई दोन बोटांत धरून बघते तशी. मग त्याच बोटांनी तिची बोटं पाहिली. मग मनगट. मग कोपर. माप घेत असावं तसं.

तिनं डोळे मिटून घेतले. हात मात्र तिनं मागे घेतला नाही.

दोरा दातांनी तोडल्याचा आवाज झाला. एकदा, दोनदा, पुष्कळदा. मग तिच्या तळहातावर काहीतरी मऊ ठेवलं गेलं.

बाहेर येऊन, झऱ्याच्या पलीकडे पोचल्यावर तिनं मूठ उघडून पाहिली. टोपडं होतं. कोरडं, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं. निळ्या दोऱ्याच्या आतून दुमडून कुणीतरी नवी कड घातली होती. तिनं आजवर पाहिलेली सगळ्यात बारीक शिलाई.

६

मियेतचा हात दुपारपर्यंत गरम झाला, आणि संध्याकाळी तिनं तोच हात धिरड्यात घातला. सोमवारी डॉक्टर आले, औषधाची बाटली अर्धी उरलेली बघून रागावले आणि पोरगी ठणठणीत असल्याचं श्रेय घेऊन गेले. कातिसूनं ते त्यांना घेऊ दिलं. टोपडं मात्र तिनं चुलीत टाकलं, आणि ते पूर्ण जळेपर्यंत चिमटा हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

चिमटा उजव्या हातात होता. डावा त्या दिवसापासून तिच्या कमरेशी लोंबत होता. नाताळाला मुलगा घरी आला तेव्हा त्यानं विचारलं. "वारा लागला," ती म्हणाली. "पाय शाबूत आहेत ना? मग?" पण ती चालायला जाईना. लोक कापडं घेऊन येत आणि ती त्यांना ओढ्यापलीकडे पाठवी. "मार्गोतकडे जा. तिचे संत आता ऐकतात."

मार्चमध्ये गवंडी पुन्हा पॅरिसला गेले. त्यानंतर एका सकाळी कातिसूनं शाल पांघरली आणि एका हातानं ओढ्यावरचा कठडा धरत पलीकडे गेली. मार्गोत दारातच होती.

"भोपळे संपले," मार्गोत म्हणाली.

"मार्गोत," कातिसू म्हणाली, "माझ्यासाठी चाल."

मार्गोतनं हातातली सुरी खाली ठेवली. टोमणा मारायला तोंड उघडलं होतं तिनं. कातिसूच्या लोंबत्या हाताकडे बघून मिटलं. "कापड दे," एवढंच म्हणाली.

कातिसूनं डोक्याचा रुमाल सोडला आणि तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्गोत परत आली. स्वतःच्या घरी न जाता थेट पेराफोरला आली. कातिसू अंगणात उन्हात बसून चेस्टनटांतले किडके वेगळे करत होती, आणि मियेत दोन्ही हातांनी कोंबडीची शेपूट ओढत होती. मार्गोत बाकावर बसली. दम लागला होता, तरी गुत्त्यावर थांबलेली दिसत नव्हती. तिनं शालीखालून रुमाल काढला आणि दोघींच्यामध्ये ठेवला.

"परत आणलास?" कातिसू म्हणाली. "टांगलेलं कुणी परत आणतं का?"

"टांगलाच नाही." मार्गोत कोंबडीकडे बघत होती. "मी दारात तुझं नाव घेतलं. मग फेरी घालायला मागे गेले. मठीचं दार उघडं आहे, कातिसू. खिळे उंबऱ्यावर काढून ठेवलेत. सगळे एका ओळीत."

कातिसू चेस्टनट निवडत राहिली.

"मला आधी वाटलं, तू माझ्या आधी पोचलीस. रागच आला. म्हटलं, हिला माझा भरवसाच नाही. झऱ्यापलीकडून चाललेली दिसलीस, पाठमोरी. चाल तुझीच. अगदी ठसक्याची." तिनं बाकावरचा रुमाल सरळ केला. "मी हाक मारली. म्हटलं, 'अगं ए, इथं असताना मला कशाला धाडलंस?' तर तू बोलली नाहीस. वळलीपण नाहीस. नुसता हात वर केलास. चालणारी करते तसा."

"कुठला हात?"

मार्गोतनं तिच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे पाहिलं. राखेच्या रंगाचा, नोव्हेंबरापासून न हललेला.

"कुणीकडे गेली?" कातिसूनं विचारलं.

"गावाच्या वाटेनं."

अंगणात मियेत हसली. कोंबडी सुटून पळाली होती. सोलांजनं आतून विचारलं की कोण आलंय.

"मार्गोत," कातिसू म्हणाली, "तिच्या अंगात सदरा होता ना? तुकड्यांचा?"

"होता."

"बाह्या किती होत्या?"

"दोन," मार्गोत म्हणाली.

कातिसूनं मान हलवली. "मग पुरं झालं तिचं. पोरीला काही नाही," ती म्हणाली. उजव्या हातानं मांडीवरचे चेस्टनट टोपलीत सारले, उठली, आणि जाऊन अंगणाच्या फाटकात, वाटेकडे तोंड करून बसली.